बारावीनंतर जीवशास्त्र : वाटा, अटी आणि आपली तयारी

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जीवशास्त्र घेऊन पदवी कशी करावी, याविषयी मी बोलावे असे कार्यकारिणीने सांगितले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी कला शाखेचा पदवीधर आणि नोकरी बँकेतल्या कारकुनाची. पेशी आणि ऊती यांच्याशी माझा संबंध दहावीला सुटला तो सुटलाच. पण आमचे सचिव म्हणाले, "शास्त्र शिकवायला प्राध्यापक आहेत. तुम्ही कागद सांगा, पैसा सांगा आणि कुठल्या दाराने कुठे जाता येते ते सांगा." हे मात्र मला पटले. दरवर्षी जून-जुलै महिन्यात आमच्या काउंटरसमोर फीचे चलन घेऊन जी रांग लागते, ती पाहत माझी अनेक वर्षे गेली आहेत. त्या रांगेतल्या पालकांचे प्रश्न मला पाठ आहेत.

एकदा गवंडीकाम करणारे एक गृहस्थ पासबुक पुढे सरकवत म्हणाले, "सायेब, पोरगी म्हणतीया बी.एस्सी. करायची. डॉक्टरकीला लागली न्हाई. आता ही बी.एस्सी. करून हुतंय काय पुढं?" मागे रांग होती, त्यामुळे त्यांना मला दोनच वाक्यांत उत्तर देता आले. आज ते सविस्तर देतो.

प्रथम मनातला एक गैरसमज काढून टाकू. जीवशास्त्र म्हणजे डॉक्टर आणि डॉक्टर झालो नाही म्हणजे सगळे संपले, असे आपल्या घराघरांत धरून चालतात. २०२४ साली नीट परीक्षेला देशभरातून २३ लाखांहून अधिक मुले बसली आणि एम.बी.बी.एस.च्या जागा सव्वा लाखाच्या आतच होत्या. म्हणजे वीस मुलांनी परीक्षा दिली तर एकाला जागा. मग उरलेली एकोणीस मुले नालायक म्हणायची काय? मुळीच नाही. त्यांना दुसरी वाट वेळेवर कोणी दाखवली नाही, एवढेच. मुलगा पहिल्या वर्षी नीट देतो, दुसऱ्या वर्षी क्लास लावून पुन्हा देतो, तिसऱ्या वर्षी घरातले सोने गहाण पडते. गहाणाच्या पावत्या आमच्याच टेबलावर तयार होतात, म्हणून हे सांगतो. प्रयत्न जरूर करा, पण वर्ष मोकळे सोडू नका.

कोणती परीक्षा कशासाठी

नीट ही परीक्षा केवळ एम.बी.बी.एस.साठी नसून दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि पशुवैद्यक या अभ्यासक्रमांसाठीही तीच लागते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय हवेत. एम.बी.बी.एस.साठी या तिन्हींत मिळून खुल्या गटाला ५० टक्के, तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना ४० टक्के गुण लागतात. औषधनिर्माणशास्त्र म्हणजे बी.फार्मसी आणि कृषी पदवी यांसाठी राज्याची सीईटी आहे. बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी स्वतंत्र आहे. पुण्याच्या आयसरसारख्या संशोधन संस्थेत जायचे असेल, तर तिची प्रवेश परीक्षा वेगळी असते. ही नावे एका कागदावर लिहून भिंतीला लावा. फॉर्म भरण्याची मुदत बारावीच्या निकालाआधीच संपते आणि आपली मुले निकालानंतर चौकशीला येतात. सर्वांत मोठे नुकसान इथेच होते.

या सगळ्या परीक्षांच्या पलीकडे आपल्या दारातली वाट आहे, ती साध्या बी.एस्सी.ची.

आपले विद्यापीठ आणि विषय

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झाली. राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले. सोलापूरला २००४ साली स्वतंत्र विद्यापीठ झाल्यापासून कोल्हापूर, सांगली व सातारा हे तीन जिल्हे आपल्या विद्यापीठाच्या कक्षेत आहेत. त्याआधीही इथे विज्ञान शिकवले जात होतेच. राजाराम कॉलेज तर १८८० सालचे.

पदवीला जीवशास्त्र या एका नावाखाली अनेक विषय येतात. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे जुने व भक्कम विषय. सूक्ष्मजीवशास्त्र म्हणजे मायक्रोबायॉलॉजी, जीवरसायनशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान म्हणजे बायोटेक्नॉलॉजी हे त्यामानाने नवे. बायोटेक्नॉलॉजीत 'ऑप्शनल' आणि 'एन्टायर' असे दोन प्रकार ऐकू येतील. ऑप्शनलमध्ये तो विषय इतर विषयांच्या जोडीने घ्यायचा असतो, तर एन्टायरमध्ये सारा अभ्यासक्रमच त्या विषयाभोवती बांधलेला असतो. नावे जवळजवळ सारखी असली, तरी अभ्यास वेगळा आणि बहुधा फीही वेगळी. म्हणून प्रवेश घेताना कार्यालयात स्पष्ट विचारा, "हा वर्ग अनुदानित की विनाअनुदानित?" पुष्कळ ठिकाणी वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्राचे वर्ग अनुदानित असतात आणि नव्या विषयांचे विनाअनुदानित. या एका प्रश्नाने तीन वर्षांचा खर्च ठरतो.

मुलींच्या मनात आणखी एक भीती असते, की प्राणिशास्त्र घेतले तर बेडूक फाडावा लागेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली प्राणिविच्छेदन बंद करण्याचा निर्णय घेतला. तेव्हा त्या भीतीने कोणी विषय सोडू नये.

प्रवेशाच्या अटी

संलग्न महाविद्यालयात साध्या बी.एस्सी.ला सीईटी लागत नाही. बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण, ही मूळ अट. प्रवेश बारावीच्या गुणवत्तेवर आणि आरक्षणाच्या नियमाप्रमाणे होतो. आपल्या राज्यात अनुसूचित जातींसाठी १३ टक्के जागा असतात व त्यात बौद्ध धर्मात गेलेले येतात. कला किंवा वाणिज्य शाखेतून बारावी झालेल्याला ही वाट बंद आहे. म्हणजे बी.एस्सी.चा खरा निर्णय दहावीनंतर अकरावीचा अर्ज भरतानाच होतो. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत. त्या अर्जातली एक खूण चुकली तर पुढली पाच वर्षे बदलतात.

अकरावीला कोणता गट घ्यावा? मुलाची झेप असेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घ्यावे, म्हणजे कोणतेच दार बंद होत नाही. गणित झेपत नसेल तर सोडावे, पण रसायनशास्त्राकडे दुर्लक्ष करू नये. सूक्ष्मजीव, जीवरसायन, जैवतंत्रज्ञान हे तिन्ही विषय रसायनाच्या पायावर उभे आहेत. बारावीला विज्ञानाच्या प्रत्येक विषयात ७० गुण लेखी व ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. प्रात्यक्षिकाचे जर्नल वेळेवर पुरे करणारा विद्यार्थी तिथेच पुढे जातो. त्याला क्लास लागत नाही.

आता पदवीची रचनाही बदलली आहे. पूर्वी भाग एकला चार विषय, भाग दोनला तीन आणि भाग तीनला एक असे चालत असे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही मुख्य विषय आणि गौण विषय अशी मांडणी आली. तीन वर्षांनी पदवी मिळते, चार वर्षे केल्यास ऑनर्स. संशोधनासह ऑनर्स करायचे असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.एस्सी. दोन वर्षांची, चार वर्षांनंतर एका वर्षाची. मिळवलेले श्रेयांक एका खात्यात जमा होतात. आमच्या बँकेत पैसे जमा होतात, तिथे अभ्यास जमा होतो, एवढाच फरक. अडचणीमुळे एखाद्या मुलीला मध्येच शिक्षण थांबवावे लागले, तरी पहिल्या वर्षाचे प्रमाणपत्र किंवा दुसऱ्या वर्षाची पदविका पदरात पडते आणि पुढे परत येता येते. अर्थात ही सोय अडलेल्यासाठी आहे. कंटाळा आला म्हणून तिचा आधार घेऊ नये.

पुढं हुतंय काय?

आता त्या गवंडीदादांच्या प्रश्नाकडे येतो. विषय निवडताना पुढची नोकरी डोळ्यांसमोर हवी. दोन उदाहरणे देतो. केंद्र लोकसेवा आयोगाच्या भारतीय वन सेवेला ठरावीक विषयांची पदवी चालते. त्या यादीत वनस्पतिशास्त्र आहे, प्राणिशास्त्र आहे, रसायनशास्त्रही आहे. सूक्ष्मजीवशास्त्र व जैवतंत्रज्ञान यांची नावे नाहीत. उलट अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पात्रतेत सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान व जीवरसायनशास्त्र यांच्या पदव्या आहेत, पण वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र नाही. म्हणजे भाग एकच्या अर्जावर केलेली खूण पाच-सात वर्षांनी एक दार उघडते आणि दुसरे लावून घेते. हे आधी कळले तर पश्चात्ताप होत नाही.

आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, त्यांचे मद्यार्क प्रकल्प आहेत, गोकुळ-वारणासारखे दूध संघ आहेत. जिथे आंबवण्याची प्रक्रिया आहे आणि जिथे दुधाची तपासणी आहे, तिथे सूक्ष्मजीव व रसायन जाणणारा माणूस लागतो. आणि वनस्पती-प्राणी शिकणाऱ्यांना तर निसर्गाने घरच्या घरी प्रयोगशाळा दिली आहे. राधानगरी अभयारण्य, चांदोली, कोयना आणि कासचे पठार हे सारे २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत गेले. परदेशातले अभ्यासक तिथे येतात, आपण मात्र सहलीला जाऊन डबा खाऊन परततो. विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील प्रा. श्रीरंग यादव यांनी याच सह्याद्रीत हिंडून नव्या वनस्पतींची नोंद केली आणि कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जाती जपल्या. हा विषय पोट भरण्यापुरताच नाही, त्यात नावही कमावता येते.

शिक्षक व्हायचे तर बी.एड. आणि पुढच्या पात्रता परीक्षा आहेत. प्राध्यापक व्हायचे तर एम.एस्सी. करून नेट किंवा सेट द्यावी लागते. नुसत्या बी.एस्सी.वर मोठी नोकरी मिळेल असे मी कोणाला सांगणार नाही. बी.एस्सी. म्हणजे पायरी, आणि पायरीवर कोणी घर बांधत नाही. मात्र ती वगळून माडीवरही जाता येत नाही.

कागद आणि खाते

आता माझ्या हक्काचा विषय. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार कार्ड आणि वर्ष मोकळे गेले असल्यास खंड प्रमाणपत्र, एवढे कागद एका फाइलीत ठेवा. बौद्ध धर्मांतरितांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या कायद्याने मिळाल्या. जातीच्या दाखल्यावर नोंद योग्य नमुन्यात आहे की नाही, ते आताच तपासा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचा विचार असेल तर जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच करा.

भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर शिक्षण व परीक्षा शुल्काच्या माफीसाठी अर्ज करता येतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर होतो, पण पैसा अडतो तो बँकेत. तीन कारणे सांगतो. आधारवर नाव एक आणि पासबुकावर दुसरे. खाते मूल अज्ञान असताना काढलेले, अठरा पूर्ण झाल्यावर नवे कागद दिलेच नाहीत. किंवा दोन वर्षे व्यवहार नसल्यामुळे खाते निष्क्रिय. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. आधारवर येणारी रक्कम शेवटी ज्या खात्याला आधार जोडले असेल, त्याच खात्यात जाते. मूल एका बँकेत शोधत असते आणि पैसा दुसऱ्या बँकेत पडलेला असतो.

शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो. त्यात कॉलेजच्या फीचाही भाग असतो. ती रक्कम घरखर्चाला लागली की वर्षाअखेर परीक्षेच्या वेळी कॉलेज फी मागते आणि मूल तोंड लपवते. ती रक्कम आली की आधी कॉलेजात भरा, पावती घ्या, मग उरलेल्याचा विचार करा. शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकते, पण गावातल्या अनुदानित बी.एस्सी.साठी सहसा कर्ज काढण्याची गरज पडत नाही. ती ताकद पुढच्या शिक्षणासाठी राखून ठेवा.

मित्रहो, याच कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी वसतिगृहे काढली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. बाबासाहेबांनाही शिक्षणासाठी बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली होती आणि तिचे त्यांनी काय करून दाखवले ते जगाला ठाऊक आहे. तेव्हा शिष्यवृत्तीच्या रांगेत उभे राहताना मान खाली घालण्याचे कारण नाही. तो आपला हक्क आहे आणि हक्काबरोबर अभ्यासाची जबाबदारीही आहे.

शेवटी संस्थेला एक विनंती करतो. दरवर्षी जानेवारी महिन्यात दोन रविवार विहारात बसून दहावी-बारावीच्या मुलांचे कागद तपासावेत. बँकेचे काम मी बघतो, दाखल्यांचे काम तहसील कचेरीत नोकरीस असलेल्या आपल्या सभासदांनी बघावे आणि विषयांचे मार्गदर्शन बी.एस्सी. झालेल्या आपल्याच मुला-मुलींनी करावे. यासाठी फार पैसा लागत नाही, चार माणसांचा वेळ लागतो. तेवढा आपण देऊ शकलो, तर कागदाअभावी एकही मूल घरी बसणार नाही.

 जयभीम.