वाजणारा टॅपेट आणि गप्प टॅपेट

या शहरात मोटरसायकलविषयी बोलायला प्रस्तावना लागू नये. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि इथल्या हजारो घरांची चूल दुचाकीवर पेटू लागली. त्याच वर्षी हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० बाजारात आली. तोवर बुलेट वगळली तर आपल्या रस्त्यांवर राज्य होतं टू-स्ट्रोकचं. चेतक, राजदूत, लूना. टू-स्ट्रोकला टॅपेटची भानगडच नसते, कारण पिस्टनच वर-खाली होताना सिलिंडरमधल्या वाटा उघडतो आणि झाकतो. १९९१ मध्ये कावासाकी बजाजची फोर-एस चॅम्पियन आली, १९९८ मध्ये वाळूजमधूनच कॅलिबर बाहेर पडली, आणि फोर-स्ट्रोक घरोघरी पोहोचली. सीडी १०० ची जाहिरात सांगायची की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. मायलेजपुरतं ते खरंच होतं. आपण मात्र इंजिनालाही विसरलो.

फोर-स्ट्रोकच्या हेडमध्ये कमीत कमी दोन व्हॉल्व्ह असतात. एकातून हवा-पेट्रोल आत येतं, दुसऱ्यातून जळका वायू सायलेन्सरकडे जातो. कॅमशाफ्ट रॉकरला ढकलतो, रॉकर व्हॉल्व्हला दाबतो. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. रॉकरचा स्क्रू (हाच आपला टॅपेट) आणि व्हॉल्व्हचं टोक यांच्यात थोडी फट ठेवलेली असते. व्हॉल्व्ह मिटलेला असताना रॉकरने त्याच्यावर जराही भार टाकू नये, म्हणून ही फट. आपल्या बहुतेक लहान गाड्यांत ती ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात असतो; ते पुस्तक घरात कुठे आहे, हे मी विचारत नाही.

आता मुद्द्याचं. टॅपेट वाजायला लागले की आपण मेकॅनिककडे जातो आणि म्हणतो, "आवाज बंद करून द्या." तो बिचारा गिऱ्हाइकाचं ऐकतो, फट कमी करतो, आवाज जातो, आपण खूश. पण वाजणाऱ्या टॅपेटमध्ये फट जास्त असते. व्हॉल्व्ह जरा कमी उघडतो, टोकावर ठोके बसतात, पिकअप थोडा पडतो. तरी व्हॉल्व्ह पूर्ण मिटतो. धोका आहे तो गप्प टॅपेटचा. व्हॉल्व्ह आपल्या सीटवर, म्हणजे हेडमधल्या बैठकीवर, वर्षानुवर्षं आपटून हळूहळू हेडमध्ये रुततो. जितका रुततो, तितकं त्याचं दुसरं टोक रॉकरकडे सरकतं. फट आपोआप घटत जाते आणि तिच्याबरोबर आवाजही घटतो. एक दिवस फट संपते, व्हॉल्व्ह किंचित उघडाच राहतो.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं काम करताना सहा-सातशे अंशांच्या घरात तापतं. ही उष्णता मुख्यतः सीटला टेकलेल्या कडेतून हेडमध्ये उतरते. टेकणंच थांबलं तर उष्णतेने जायचं कुठे? शिवाय जळता वायू त्याच बारीक फटीतून सुसाट निघतो आणि कड खात जातो. मेकॅनिक सांगतो, "व्हॉल्व्ह जळाला." त्याआधी गाडीने सूचना दिलेल्या असतात. किक हलकी लागते, सकाळी गाडी चटकन सुरू होत नाही, सिग्नलला आयडलिंग टिकत नाही. आपण कार्बोरेटरला दोष देतो.

मला गंमत वाटते ती वेगळीच. वाळूज आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत दिवसभर मायक्रोमीटर हातात धरणारे लोक या सभागृहातही असतील. इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकलेल्या पोराला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचं मोल कोणी शिकवायला नको. शॉपफ्लोअरवर गो-नो-गो गेज लावल्याशिवाय पार्ट पुढे जात नाही. आणि हाच माणूस सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या गाडीचा टॅपेट कानाने पास करतो! कानाला ०.०५ आणि ०.०८ यांतला फरक कळत नाही. काही गॅरेजांत दाढीचं ब्लेड वापरतात. ब्लेडची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे जिथे ०.०५ हवी तिथे थेट दुप्पट.

फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पत्त्यांचा संच, घ्या. फार महाग नसतं. इंजिन मात्र थंड हवं. पोलादी व्हॉल्व्ह ७० मिलिमीटर लांब धरा आणि सरासरी ३०० अंशांनी तापला असं समजा. तो सुमारे पाव मिलिमीटर वाढतो. ॲल्युमिनियमचं हेडही वाढतं, त्यामुळे गरम इंजिनवरचा हिशेब आपल्या हातात राहत नाही. कित्येक पुस्तकांत इंजिन ३५ अंशांच्या आत असावं असं लिहिलेलं असतं. आपल्या मे महिन्यात दुपारी हवाच चाळीशी ओलांडते! तेव्हा रात्रभर उभी राहिलेली गाडी पहाटे उघडा.

गाडी मेन स्टँडवर, प्लग काढलेला, टॅपेटची झाकणं उघडलेली. टॉप गिअर टाकून मागचं चाक पुढच्या दिशेने हाताने फिरवा आणि मॅग्नेटवरची 'टी' खूण खाचेसमोर आणा. इथेच बहुतेकांची गफलत होते. क्रँक दोनदा फिरते तेव्हा कॅम एकदा फिरतो, त्यामुळे 'टी' दोनदा येते आणि आपल्याला त्यातली कॉम्प्रेशनची हवी असते. दोन्ही रॉकर बोटांनी हलवून पाहा. दोन्ही किंचित खुळखुळले तर जागा बरोबर. एखादा ताठ असेल तर क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा द्या. पण फट अगदीच संपलेली असेल तर बरोबर जागीही रॉकर ताठच लागतो. म्हणून व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो कधी, तेही नजरेखाली ठेवा.

गेज कसं वापरायचं, ते वाळूजकरांना ठाऊक आहेच. ठरलेली पत्ती हलक्या ओढीने गेली पाहिजे, तिच्या पुढची जाड पत्ती अडली पाहिजे. नसेल तर लॉकनट सैल करा, स्क्रू फिरवा, स्क्रू धरूनच नट आवळा आणि पुन्हा मोजा. आवळताना फट हटकून बदलते. मग क्रँकचे दोन फेरे देऊन परत एकदा. झाकणांचे ओ-रिंग कडक झाले असतील तर बदला, नाहीतर तेल पाझरेल.

सगळ्याच गाड्या घरी उघडण्याच्या नाहीत. ड्यूक ३९० मध्ये स्क्रू नसतो, शिम म्हणजे मोजक्या जाडीची चकती असते. फट मोजता येते, पण बदलायला शिमच बदलावी लागते. जुन्या लोखंडी सिलिंडरच्या बुलेटला गेजही लागत नाही: पुशरॉड बोटांनी फिरली पाहिजे, वर-खाली हलता कामा नये. बुलेटच्या पुढच्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट असतात, ते स्वतःच फट भरून काढतात.

आणि ज्यांना हात काळे करायचे नाहीत, त्यांनी गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजवर सोडून यावी. मेकॅनिकला सांगावं, सकाळी पहिलं काम हेच घे, गेज लावून दोन्ही आकडे कागदावर लिही, आवाज थोडा राहिला तरी चालेल.