झाकलेली तार



आज मी एका लहानशा तारेविषयी बोलणार आहे. ही तार आपल्याकडची नव्हे, अमेरिकेतल्या मोटारींतली आहे. पण आपल्या गावांतली पुष्कळ मुले आज तिकडे नोकरीला आहेत, मोटारी बाळगून आहेत. आणि तारेचा धर्म म्हणाल तर तो सगळ्या देशांत एकच. तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

तिकडे हौसेने स्पोर्ट्‌स कार घेणारा माणूस पुष्कळदा समोरच्या काचेवर, आरशाच्या शेजारी, मुठीत मावेल एवढी एक काळी डबी बसवतो. तिला रडार डिटेक्टर म्हणतात. पुढे कोठे पोलीस रडार लावून वेग मोजत असेल, तर ही डबी आधीच ओरडून सावध करते. १९७४ साली, तेलटंचाईच्या दिवसांत, अमेरिकेने देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरांची, वेगमर्यादा घातली. रस्ते लांबलचक आणि सरळ, गाड्या दांडग्या, आणि पायाला लगाम! या डब्यांचा खप वाढला तो त्या काळात. ती देशव्यापी मर्यादा १९९५ साली उठली. डबी मात्र राहिली.

शिक्षक मंडळींना यातले शास्त्र वर्गात सांगण्याजोगे आहे. शिटी वाजवीत आगगाडी जवळ येते तेव्हा शिटीचा आवाज उंच लागतो, पुढे निघून गेली की खाली येतो. ऑस्ट्रियातील शास्त्रज्ञ ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ साली याची उपपत्ती मांडली. रडार हेच करते, फक्त ध्वनीऐवजी रेडिओ लहरींनी. पोलिसांच्या रडारचा एक प्रकार सेकंदाला सुमारे २,४१५ कोटी कंपनांच्या लहरी सोडतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने समोरून येणाऱ्या गाडीवर आपटून त्या परत येतात, तेव्हा कंपने साडेचार हजारांच्या आसपास वाढलेली असतात. या वाढीवरून वेग कळतो. आता, पोलिसाच्या यंत्राला लहर जाऊन परत यावी लागते. डबीला ती एकदाच येऊन पोहोचली तरी पुरते. म्हणून डबीला चाहूल आधी लागते. तथापि पोलिसाने गाडी टप्प्यात आल्यावरच रडार चालू केले, तर डबी ओरडते खरी, पण तोवर वेग मोजून झालेला असतो. आणि दुकानांची आपोआप उघडणारी दारे व शेजारच्या मोटारींमधली रडारे यांच्या लहरींनीही ती उगाच दचकते. चोराच्या मनात चांदणे, तशातला प्रकार!

आता तारेकडे येऊ. डबीला वीज हवी. सोपा मार्ग म्हणजे सिगारेट पेटवण्याच्या भोकात प्लग खुपसायचा आणि तार काचेपर्यंत लोंबत सोडायची. स्पोर्ट्‌स कारमध्ये जागा आधीच कमी. ती तार कधी गिअरच्या दांड्यात अडकते, कधी चालकाच्या नजरेसमोर झुलते. म्हणून हौशी लोक तार आतून नेतात आणि थेट गाडीच्या वायरिंगला जोडतात. इथेच खरी परीक्षा आहे. तार दिसेनाशी करणे हे एक काम आणि तार नीट बसवणे हे दुसरे. उघड्या तारेची चूक डोळ्यांना दिसते. झाकलेल्या तारेची चूक नाकाला कळते, आणि जळका वास येतो तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो.

उदाहरणादाखल १९८९ साली निघालेली माझदा कंपनीची मियाटा घ्या. दोन माणसांची, उघड्या टपाची, टनभर वजनाची गाडी. पहिली गोष्ट, बॅटरीची ऋण तार सोडवायची. पहिल्या मियाटांत बॅटरी पुढे इंजिनाजवळ नसून मागे डिकीत असते, हे ध्यानात ठेवावे. तार सोडवल्यावर काही मिनिटे थांबायचे, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत थोडी वीज साठलेली राहते.

दुसरी गोष्ट, वीज कोठून घ्यायची. चालकाच्या पायाजवळ फ्यूजची पेटी असते. त्यातली किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणारी जागा मीटर लावून शोधायची. मीटर लावण्यापुरती बॅटरी पुन्हा जोडावी आणि मग परत सोडवावी. सदा जिवंत जागा का नको? हिशेब करू. डबी पाव अँपियर वीज खाते असे धरले, तर दिवसाला सहा अँपियर-तास झाले. अशा गाडीची बॅटरी तीस-चाळीस अँपियर-तासांची. गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरी रिकामी. आणि एअरबॅग, ब्रेक किंवा इंजिनाचे नियंत्रण यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही. रेडिओसारख्या बिनजोखमीच्या फ्यूजच्या जागी दोन फ्यूज सामावणारा तयार जोड मिळतो, तो बसवायचा. म्हणजे जुन्या कामाला जुना फ्यूज राहतो आणि नव्या तारेला तिचा स्वतःचा, दोन अँपियरचा, मिळतो.

हा फ्यूज डबीच्या टोकाला नव्हे, वीज जिथून घेतली त्या टोकाला हवा. कारण फ्यूज डबीचे रक्षण करण्यासाठी नसतो, तारेचे रक्षण करण्यासाठी असतो. समजा पत्र्याच्या कडेवर घासून मध्येच तारेचे आवरण फाटले. बॅटरी क्षणात शेकडो अँपियर ओतू शकते. बारीक तार लाल होते आणि तिच्याभोवती असते ते प्लास्टिक, फोम आणि कापड. फ्यूज उगमाशी असेल तर तो आधी वितळून वीज तोडतो. टोकाशी असेल तर त्याला काही कळतच नाही.

तिसरी गोष्ट, परतीची वाट, म्हणजे अर्थ. रंग दिलेल्या पत्र्यावर स्क्रू मारून भागत नाही. गाडीच्या सांगाड्यातला मूळचा बोल्ट, खाली स्वच्छ धातू आणि त्यावर घट्ट बसलेले गोल टोक, एवढे हवे.

चौथी गोष्ट, वाट. तार काचेच्या कडेने, चौकटीच्या आतून खाली आणावी, मूळच्या वायरिंगच्या जुडग्याला कापडी टेपने बांधावी, आणि पायाजवळच्या पेडलांपासून दूर ठेवावी. बंद टपाच्या कित्येक गाड्यांत काचेशेजारच्या खांबात आणि छताच्या कडेला एअरबॅग घडी घालून ठेवलेली असते. ती सेकंदाच्या काही शतांश भागात फुगते. तिच्यासमोरून तार आडवी गेली, तर ज्या क्षणी जीव वाचायचा त्या क्षणी ती आड येईल. तार पिशवीच्या मागूनच गेली पाहिजे; आणि पिशवी कोठे आहे हे ठाऊक नसेल तर त्या खांबाचे झाकण उघडूच नये, जाणत्या मेकॅनिककडे जावे.

आता कायद्याचे. व्हर्जिनिया राज्यात आणि वॉशिंग्टन राजधानीत ही डबी वापरण्यास बंदी आहे. दहा हजार पौंडांहून, म्हणजे सुमारे साडेचार टनांहून, जड व्यापारी वाहनांना ती साऱ्या देशात वर्ज्य आहे. पोटोमॅक नदीच्या अलीकडे मेरीलंडमध्ये जे चालते, ते पूल ओलांडून व्हर्जिनियात गेले की गुन्हा ठरते. आपला मुलगा किंवा पुतण्या तिकडे असेल तर त्याला एवढे जरूर विचारा. आणि आणखी एक विचारा. वेग ताशी १०० वरून १२० झाला, तर गाडीतली ऊर्जा २० नव्हे, ४४ टक्क्यांनी वाढते. ती डबी पोलिसाची चाहूल देते. वळणापलीकडे रस्ता ओलांडणाऱ्या पोराची देत नाही.

शेवटी आपल्या अंगणातली गोष्ट. ट्रॅक्टरला जादा दिवा लावतो, जीपला नवा हॉर्न बसवतो, तेव्हा आपण काय करतो? चालू तार सोलून तिला पीळ देतो, आणि फ्यूज उडाला की तिथे तांब्याचा धागा गुंडाळतो. वाढे भरलेली ट्रॉली मागे असताना तो धागा वितळत नाही, तार पेटते. शिक्षकांनी हे मुलांना दाखवावे. टॉर्चचे तीन सेल घ्यावेत, फरशीच्या तुकड्यावर लोखंडाचा केसासारखा बारीक धागा ठेवून त्यातून वीज सोडावी. धागा लाल होऊन तुटतो. हातात चिमटा आणि मुले चार पावले दूर, एवढी काळजी घ्यावी. मग त्याच मुलांना घरी जाऊन ट्रॅक्टरच्या फ्यूजच्या जागी काय गुंडाळले आहे ते नुसते पाहून यायला सांगावे, हात न लावता. दुसऱ्या दिवशी वर्गात जी उत्तरे येतील, त्यांवरून गावातल्या किती घरी वायरमन बोलवायला हवा ते कळेल.