आवाज चढवण्याआधी

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



मी बी. ए., बी. एड. झालेला भाषाशिक्षक. मी संगणकाच्या चिपविषयी बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. पण माझा एक जुना विद्यार्थी आज संगणकाचे सर्किट बोर्ड तपासण्याचे काम करतो. गेल्या सुट्टीत त्याने मला जे समजावले, ते आपणांस सांगावेसे वाटते.

बोर्डावर एका चिपकडून दुसरीकडे माहिती तांब्याच्या दोन बारीक रेषांच्या जोडीतून धावते. एकामागून एक बिट, म्हणजे 'एक' किंवा 'शून्य'. पाठवणाऱ्या चिपच्या टोकाशी 'आउटपुट बफर' असतो. ते चिपचे तोंडच म्हणा. किती जोराने आणि कसे बोलायचे, हे तेथे ठरवून द्यावे लागते. 'पीसीआय एक्सप्रेस' ही अशीच एक जोडणी. २००७ च्या दुसऱ्या आवृत्तीत एका मार्गिकेचा वेग सेकंदाला ५ अब्ज बिट होता. २०१० च्या तिसऱ्या आवृत्तीत तो ८ अब्ज झाला.

इतक्या वेगात एक अडचण येते. सावकाश बदलणारा संकेत तांब्यातून बरा पोचतो, झटपट बदलणारा क्षीण होतो. सलग पाच-सहा 'एक' गेल्यावर एकच 'शून्य' आला, तर आधीच्या 'एक'चा प्रभाव ओसरण्यापूर्वीच पुढचा बिट येऊन ठेपतो. मधला शून्य हरवतो.

अशा चुका प्रथम दिसल्या तेव्हा माझ्या विद्यार्थ्याने बफरचे व्होल्टेज कमाल पातळीवर नेले. चुका थांबल्या नाहीत, कारण शब्दाबरोबर त्याचा घुमणारा अवशेषही तितकाच वाढला. शिवाय शेजारच्या जोड्यांत गोंगाट शिरला.

खरा उपाय निराळा होता. त्याला 'डी-एम्फसिस' म्हणतात. जेथे बदल होतो, त्या बिटाला पूर्ण जोर द्यायचा. तोच बिट पुन्हा आला तर जोर कमी करायचा. ३.५ डेसिबलची योजना केली तर तो सुमारे दोन-तृतीयांश उरतो, ६ डेसिबलला निम्मा. पण हेही बेताने. वाट आखूड असताना हा उपाय जास्त झाला तरी संकेत बिघडतो. म्हणून तिसऱ्या आवृत्तीत अकरा ठरावीक मांडण्या दिल्या आहेत, आणि जोडणी जुळताना ऐकणारी चिपच बोलणारीला कळवते, की मला अमुक मांडणी सोसते.

हे सांगून तो थोडा थांबला आणि म्हणाला, "सर, वर्गात मला तुमचा आवाज ऐकू यायचा. शब्द एकमेकांत मिसळायचे."

मित्रहो, हा मुलगा शेवटच्या बाकावर बसे. श्रुतलेखनात चुकला की मी तेच वाक्य, त्याच वेगाने, अधिक मोठ्याने म्हणत असे. एकदा तर "कान उघडे ठेव" म्हणून त्याला वर्गाबाहेर उभे केले होते. त्याला काय ऐकू आले, हे मी कधी विचारलेच नाही.

पालकहो, मूल चुकले तर आवाज चढवण्याआधी त्याला एवढे विचारा. आणि विद्यार्थी मित्रांनो, समजले नाही तर सांगा. ऐकणाऱ्याने सांगितल्यावाचून बोलणाऱ्याला कळत नाही. मलाही कळायला दहा वर्षे लागली.