शिकवलेलं हातात टिकतं केव्हा?



कामात ढिलाई दिसली की आपल्याकडचा पहिला उपाय ठरलेला असतो: प्रशिक्षण लावा. दोन दिवस सभागृहात बसवायचं, हजेरी घ्यायची, प्रमाणपत्र वाटायचं. महिन्याभरात काम पुन्हा जिथल्या तिथे, आणि दोष माणसांच्या माथी. हे मला मुळीच पटत नाही. का, ते सांगायला मी तुम्हाला गडचिरोलीत नेतो.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांत नवजात बाळांची काळजी घरीच घेण्याचा प्रयोग केला. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, जंतुसंसर्ग झालाच तर जेंटामायसिनचं इंजेक्शन टोचणं, हे सगळं गावातल्याच, बेताच्या शिकलेल्या बायका शिकल्या. हजार जन्मांमागे ६२ नवजात दगावत होते. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५.५वर आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने हे छापलं.

हे कसं साधलं? त्याआधीचं, ‘सर्च’च्याच न्यूमोनियावरच्या कामातलं एक साधन पाहा. बाळाचे श्वास मिनिटाला किती, हे मोजायला हवं. पण गावच्या दाईला मोठे आकडे मोजता येईनात. म्हणून वाळूचं एका मिनिटाचं घड्याळ आणि शेजारी ओळीने मणी, असं साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेला मणी सरकला, तर श्वास धोक्याच्या वेगाने चाललाय. अशिक्षित म्हणून तिला कुणी बाजूला बसवलं नाही. कामच तिच्या हाताला बसेल असं केलं. नवजात बाळांच्या प्रयोगात तर दर पंधरवड्याला डॉक्टर गावात येऊन नोंदी तपासत, चुकलेलं तिथंच दाखवून देत. आणि जगलेलं बाळ त्याची काळजी घेणाऱ्या बाईच्याच आळीत रांगत होतं! आपल्या कामाचं फळ असं रोज डोळ्यांसमोर दिसत असेल, तर उमेद वेगळी शिकवावी लागत नाही.

२०११पासून नवजात बाळांच्या घरच्या काळजीचं काम देशभरातल्या ‘आशा’ आरोग्यसेविकांकडे आलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ४२ दिवसांत सहा गृहभेटी आणि त्या पूर्ण झाल्यावर २५० रुपये, असं ठरलं. जोडीला सर्वेक्षणं, लसीकरण, रजिस्टरं. कागदोपत्री मात्र आशा ‘स्वयंसेविका’च. ऑक्टोबर २०२३मध्ये महाराष्ट्रातल्या आशा मोबदल्यासाठी संपावर गेल्या, तेव्हा त्यांना वजनकाटा वाचता येत नव्हता म्हणून नव्हे. कौशल्य त्यांच्याकडे होतं. त्या कौशल्याची रास्त किंमत आपण ठरवली नव्हती.

म्हणून माझी मागणी साधी आहे. एखाद्या आशाचं काम घसरलं, तर उजळणी प्रशिक्षणाचं पत्रक काढण्याआधी तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी तिला दोन प्रश्न विचारावेत. मागचा मोबदला हातात कधी पडला? आणि तुम्ही दवाखान्यात पाठवलेल्या बाळाचं पुढे काय झालं, हे तुम्हाला कुणी कळवलं का?