गडाची वाट एसटीच्या थांब्यापासून



डोंगर चढणे ही भरल्या पोटाची चैन आहे, अशी समजूत कार्यकर्त्यांतही रूढ आहे. ज्याच्या दाराशी मोटार उभी आहे त्याने गडकिल्ले पाहावेत, कारखान्यात वा कचेरीत आठवडाभर राबणाऱ्याने रविवारी अंग टाकावे, असा तिचा मथितार्थ. इतिहास निराळे सांगतो. १८९५ साली व्हिएन्ना शहरात गेऑर्ग श्मीडल हा शिक्षक, आलोइस रोहराउअर हा लोहार आणि कार्ल रेन्नर हा विद्यार्थी या तीन समाजवाद्यांनी 'निसर्गमित्र' या अर्थाच्या नावाची संघटना उभारली. आल्प्सची शिखरे तोवर धनिकांच्या मंडळांची मिरास होती. कामगाराला सुटीच्या दिवशी डोंगरापर्यंत पोहोचवणे हे या संघटनेचे कार्य, आणि ते एवढे राजकीय ठरले की हिटलरच्या राजवटीने १९३३ साली जर्मनीत तिच्यावर बंदी घातली. इंग्लंडात १९३२ च्या एप्रिलमध्ये शेकडो तरुण कामगार जमीनदारांनी अडवलेल्या किंडर स्काउट या पठारावर एकत्र चढून गेले. त्यांतील पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ साली तेथे राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण भागातील प्रवेशाचा कायदा झाला, त्यामागे पायी भटकणाऱ्यांच्या या चळवळीचे बळ होते.

स्वित्झर्लंडचे उदाहरण आणखी बोलके आहे. तेथे टपालखात्याची पिवळी बस विसाव्या शतकाच्या आरंभापासून डोंगरी खेड्यांत जाते आणि पायवाटेच्या तोंडाशी उतारूला सोडते. १९७९ साली त्या देशाने सार्वमत घेऊन पायवाटांची जबाबदारी थेट राज्यघटनेत लिहिली. पुढे झालेल्या कायद्यानुसार एखादी वाट बुडाली तर तिच्या जागी दुसरी वाट द्यावी लागते. आज तेथील आखलेल्या पायवाटांची लांबी सुमारे ६५,००० किलोमीटर भरते. सरकारी बस आणि सार्वजनिक पायवाट या दोन्ही एकाच हक्काच्या दोन बाजू आहेत, हे त्या धनाढ्य देशाला उमगले.

सह्याद्रीच्या पायथ्याशी, कर्जत आणि खालापूर तालुक्यांत, या हक्काची सामग्री फार पूर्वीपासून सिद्ध आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५६ सालीच खोपोलीच्या परिसरात येऊन पोहोचला. आज उपनगरी गाडीच्या साध्या तिकिटात कर्जत गाठता येते. तेथून डोंगराच्या पायथ्यापर्यंतचा मधला टप्पा एसटीचा. कशेळ्यावरून खांडसला उतरावे, की भीमाशंकरला चढणाऱ्या दोन वाटा समोर असतात : गणेश घाटाची लांब आणि सोपी, शिडी घाटाची उभी आणि अवघड. जामरूखच्या रस्त्यावर आंबिवलीला उतरले की पेठचा कोथळीगड दिसू लागतो. त्याच्या सुळक्याच्या पोटातून कोरून काढलेला जिना पाहून आजचा स्थापत्यविशारदही थक्क व्हावा. कोंदिवड्याकडून राजमाचीच्या वाटेला लागले म्हणजे कोंढाण्याची बौद्ध लेणी भेटतात. तेथे घडवणाऱ्याने स्वतःचे नाव दगडात कोरून ठेवले आहे : कण्हाचा शिष्य बलक. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराची ही सही पाहण्याचा अधिकार आजच्या कारागिराला नसावा काय?

तथापि या वाटा गिर्यारोहकांसाठी कोणी आखलेल्या नाहीत. ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी यांच्या पायांनी त्या पडल्या. त्याच वाटेने सरपणाची मोळी खाली येते, करवंदांची पाटी बाजारात जाते, मुले शाळेला उतरतात आणि अडलेली बाळंतीण झोळीत घालून दवाखान्याकडे नेली जाते. शहरातल्या भटक्याला जी वाट महिन्यातून एकदा आनंद देते, ती वाडीवरच्या माणसाला रोजची आणि अटळ आहे.

तिचा अर्थ १९ जुलै २०२३ च्या रात्री साऱ्या महाराष्ट्राला कळला. खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या कुशीत वसलेल्या इरशाळवाडीवर डोंगराचा कडा कोसळला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. मातीचे ढिगारे उपसणारी यंत्रे खालीच थांबली आणि भर पावसात, निसरड्या चढणीवरून, जवान, गिर्यारोहक आणि गावकरी चालत वर गेले. नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याने ती वाट चढताना प्राण सोडला. मुंबई-पुणे रस्त्यावरचा चौक तेथून हाकेच्या अंतरावर असावा आणि मदतीला पायीच जावे लागावे, हे स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीनंतरचे चित्र आहे. इरशाळगड चढणाऱ्यांची पावले वर्षानुवर्षे या ठाकरवाडीतून जात होती. त्यांतील कितींनी वाडीचा रस्ता, वाडीची गाडी यांचा प्रश्न तहसील कचेरीत नेला असेल, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली एसटी धावली. रस्ता असेल तेथे गाडी जाईल, हे पुढे त्या सेवेचे ब्रीद झाले. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांना या गाडीत तिकीट लागत नाही आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे तिकीट पडते. या सवलतींचे स्वागतच केले पाहिजे. परंतु सवलत गाडीत बसल्यावर मिळते. जेथे फेरीच येत नाही तेथील म्हातारी सहाआसनी रिक्षात दाटीवाटीने बसते आणि पूर्ण भाडे मोजते.

फेऱ्या टिकत नाहीत याचे कारण तोटा, असे सांगितले जाते. या तोट्याच्या हिशेबात एक गोष्ट लपलेली आहे. शाळा आणि बाजार यांच्यामुळे गाडी आठवड्यातले काही दिवस भरते. रविवारी ती रिकामी धावते, आणि नेमक्या रविवारीच शहरातून येणाऱ्यांच्या खासगी मोटारींनी पायथ्याचे अरुंद रस्ते तुंबतात. एके काळी पाठीवर पिशवी घेतलेला तरुण कर्जतच्या स्थानकावर एसटीची वाट पाहत उभा असे. गाडी चुकली तर तोही तक्रार करी, आणि त्याची तक्रार वर्तमानपत्रात छापून येई. तो स्वतःच्या मोटारीत जाऊन बसला, त्या दिवशी वाडीच्या बाजूने बोलणारा एक आवाज कमी झाला. सार्वजनिक सेवा दुबळी होते ती अशी : ज्यांचा शब्द ऐकला जातो ते प्रथम तिच्यातून उतरतात, आणि ज्यांचा ऐकला जात नाही ते थांब्यावर उरतात.

म्हणून गिरिभ्रमणाचा आणि वाडीचा प्रश्न एकत्र मांडला पाहिजे. त्यासाठी मागण्या साध्या आहेत. कर्जत आणि खोपोलीला येणाऱ्या पहाटेच्या लोकलशी जुळणारी एसटी रविवारीही सुटावी आणि संध्याकाळची परतीची फेरी ठरल्या वेळी यावी. लांबच्या गावांना मुक्कामी गाडी असावी, म्हणजे रात्री आजारी पडलेल्याला पहाटेचा तरी आधार राहील. पायथ्याच्या थांब्यावर वाटेचे अंतर, धोक्याच्या जागा आणि पाण्याचे ठिकाण सांगणारी मराठी पाटी हवी. रोजगार हमीचा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने १९७७ साली केला. पायवाटांची डागडुजी, उताराचे दगडी बांध, पाणी वाहून जाण्याचे चर ही कामे त्याच तत्त्वाने वाडीवरच्या हातांना मिळावीत.

वनखात्याची जमीन आडवी येते म्हणून रस्ता होत नाही, हे उत्तरही निमूट स्वीकारण्याचे कारण नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात रस्ता, शाळा, दवाखाना यांसारख्या प्रत्येक सोयीसाठी १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने वळवण्याची तरतूद आहे. ती शिफारस लिहून देण्यास ग्रामसभेला साह्य करणे, हे कार्यकर्त्याचे काम. आणि येणाऱ्यांची गर्दी किती असावी, कचरा कोणी उचलावा, वाटाड्याची मजुरी काय असावी, हेही त्या ग्रामसभेनेच ठरवावे. वाडीला विचारल्यावाचून वाडीतून जाणारी वाट सार्वजनिक म्हणवता येणार नाही.

या डोंगरांना लोकांच्या चळवळीची ओळख नवी नाही. माथेरानात १९१२ साली जन्मलेल्या भाई कोतवालांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, शाळा उभारल्या आणि १९४२ च्या लढ्यात आझाद दस्त्याचे नेतृत्व केले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांच्या दस्त्याला रानात आसरा मिळाला तो डोंगरातल्या माणसांच्या विश्वासावर. आज त्या माणसांचे ऋण फेडायला बंदुकीपुढे छाती काढण्याची गरज नाही. पुढच्या रविवारी मोटार घरी ठेवून कर्जतच्या स्थानकावर एसटीच्या रांगेत उभे राहावे, फेरी आली नाही तर आगारातील तक्रारवहीत तसे लिहावे, आणि त्या नोंदीखाली खांडसच्या, जामरूखच्या, चौकच्या उतारूंच्याही सह्या घ्याव्यात. तेवढ्यानेही प्रश्न धसास लावण्याची सुरुवात होईल.