पावसाळी बेडूक आणि छोटा कुत्रा
अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या बाजूला पाऊस लागला, की अंगणातल्या दिव्याखाली किडे टिपायला खडबडीत पाठीचा बेडूक हजर होतो. घरातला छोटा पॉमेरेनियन त्याच्यावर झडप घालतो आणि लगेच तोंडातून सोडतो.

या बेडकाच्या डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी असतात. दाब पडला, की त्यांतून पांढरा, चिकट, विषारी स्राव झरतो. तो हृदयावरही परिणाम करतो. कुत्रा जितका लहान, तितका धोका मोठा. तेवढंच विष कमी वजनाच्या शरीरात भिनतं.

तोंडाला फेस आला, तर मान खाली झुकवून जीभ आणि हिरड्या पाण्यानं धुवाव्यात. पाणी घशात जाऊ देऊ नये. मग तडक पशुवैद्यकाकडे!

बेडकाला मात्र मारू नये. शेतातले किडे खाणारा तो मोलाचा सोबती आहे. रात्री कुत्र्याला साखळी लावूनच बाहेर न्यावं.