प्रकाशतंतूंचे जाळे आणि उद्याची गुप्तता
(खात्यातील कर्मचाऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संक्षेप)



मी कलाशाखेचा पदवीधर. गणिताशी माझे सख्य कधी जमले नाही. तरीही आजचा विषय केवळ गणितज्ञांवर सोपवून भागणार नाही. कारण ज्या कागदांची गुप्तता पणाला लागली आहे, ते तुमच्या-माझ्या टेबलावरूनच पुढे जातात.

आज शासकीय मजकूर केसासारख्या बारीक काचतंतूतून प्रकाशाच्या स्पंदांच्या रूपाने धावतो. हा तंतू अभेद्य आहे, असा आपला समज असतो. वस्तुतः त्याला बाक दिला की प्रकाशाचा अंश बाहेर झिरपतो आणि तो टिपता येतो. खरे रक्षण करते ते कूटलेखन. त्यातील १९७७ सालची सुप्रसिद्ध आरएसए पद्धती प्रचंड संख्येचे अवयव पाडणे दुष्कर असते, या एकाच भरवशावर उभी आहे. १९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवून दिले, की पुरेसा समर्थ पुंजसंगणक, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटर, हे कोडे झपाट्याने सोडवील. इतका समर्थ संगणक अद्याप जगापुढे आलेला नाही. मग घाई कशासाठी?

घाई अशासाठी, की चोर कुलूपबंद पेटी आजच पळवून ठेवू शकतो आणि किल्ली हाती येईल तेव्हा ती उघडू शकतो. निविदेची गुप्तता काही दिवसांची. परंतु रुग्णाचा वैद्यकीय अहवाल, दत्तक मुलाची नोंद, अत्याचारपीडितेचा जबाब यांची गुप्तता जन्मभराची आहे.

उपाय दोन आहेत. पहिला नव्या गणिताचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये अशा कूटलेखनाची तीन मानके जाहीर केली. त्यांसाठी जमिनीतले तंतू उकरावे लागत नाहीत. दोन्ही टोकांची यंत्रे व आज्ञावली बदलावी लागते. दुसरा उपाय १९८४ मध्ये बेनेट आणि ब्रासार यांनी सुचविला. त्यात किल्लीच एकेका प्रकाशकणावरून पाठवितात. कोणी मध्ये डोकावले तर कणांची अवस्था बिघडते आणि चोरी उघडकीस येते. फेब्रुवारी २०२२ मध्ये संरक्षण संशोधन व विकास संघटना आणि दिल्लीची आयआयटी यांनी प्रयागराज ते विंध्याचल या शंभराहून अधिक किलोमीटरच्या तंतूवर हे करून दाखविले. मात्र एवढ्या अंतरात शंभर कणांपैकी सुमारे एकच पलीकडे पोचतो, आणि नेहमीच्या वर्धकाने त्याची अवस्थाच नष्ट होते. म्हणून सर्वसाधारण कचेऱ्यांना पहिलाच मार्ग सोयीचा.

केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. पण सर्व काही दिल्लीहून येणार नाही. कोणती माहिती किती वर्षे गुप्त राहावयास हवी आणि ती कोणत्या यंत्रातून जाते, याची यादी आपणच करावयाची आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्रानेही तेथील संस्थांना २०२८ पर्यंत हीच छाननी, आणि २०३५ पर्यंत संपूर्ण बदल, असे टप्पे आखून दिले आहेत. नव्या खरेदीच्या निविदेत ‘कूटपद्धती पुढे बदलता यावी’ ही एक अट घालण्यास तर आजही अडचण नाही.

नागरिक आपले दुःख आपल्या दप्तरी विश्वासाने नोंदवितो. तो विश्वास आपल्या निवृत्तीनंतरही अबाधित राहावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.